कोपराला गूळ

आपल्याकडे एक सभ्य माणूस असतो. तो सदाशिव पेठेत असतो, दादरला असतो, आणि दिवाळीत न्यू जर्सीहून घरी येणाऱ्यांतही असतो. समलिंगी विवाहाचा विषय निघाला की तो आधी घसा खाकरतो, आपण प्रतिगामी नसल्याचं जाहीर करतो, ऑफिसातला आपला एक सहकारी 'तसा' आहे पण कामाला किती हुशार आहे हे सांगतो, आणि मग निकाल देतो : "हक्क जरूर द्या हो त्यांना. राहू द्या एकत्र. काहीतरी कायदेशीर तरतूद करा. फक्त त्याला लग्न म्हणू नका." एवढं झालं की माना डोलतात आणि चहा येतो.

मला उघड विरोधकाचा राग येतो, पण या माणसाचा जास्त येतो. विरोधक तोंडावर नाही म्हणतो. त्याच्याशी भांडता येतं. हा मात्र एक 'तरतूद' देऊ करतो, जी त्याच्या खिशात कधीच नव्हती. ती लग्न अडवण्यापुरती दाखवायची असते. लग्न अडलं की तरतूदही बेपत्ता होते, आणि तिचा ठावठिकाणा विचारायला हा गृहस्थ पुन्हा फिरकत नाही. माझा हा अंदाज असता तर मी गप्प बसले असते. पण 17 ऑक्टोबर 2023 पासून हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललं आहे.

त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी समलिंगी विवाहाच्या सुप्रियो खटल्याचा निकाल दिला. पाचही जणांचं एका गोष्टीवर एकमत झालं : लग्न करण्याचा मूलभूत हक्क घटनेत नाही, आणि 1954 चा विशेष विवाह कायदा या जोडप्यांना बसेल असा वाकवणं हे न्यायालयाचं काम नाही. आपला सभ्य माणूस इथवरच वाचतो आणि पेपर मिटतो. पुढे जे घडलं त्याच्याशी त्याचा खरा संबंध होता. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल म्हणाले की लग्न नसेना, पण अशा दोन माणसांच्या सहजीवनाला मान्यता मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यातून येणारे लाभ सरकारनं दिले पाहिजेत. म्हणजे नेमकी या सभ्य माणसाचीच सूचना, न्यायालयीन भाषेत. न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंह यांनी ती फेटाळली. लग्न पाच विरुद्ध शून्य हरलं आणि मधला मार्ग तीन विरुद्ध दोन.

आता सांगा, ज्यांना फक्त लग्न हा शब्द खुपत होता आणि बाकी सगळं द्यायचं होतं, ते त्या दिवशी कुठे होते? 'आम्ही म्हणत होतो ती तरतूदही गेली, हे बरं झालं नाही' असं पत्र कुणा वर्तमानपत्रात माझ्या वाचनात आलं नाही. जानेवारी 2025 मध्ये पुनर्विलोकनाच्या याचिका विचारासाठी आल्या. त्या खुल्या न्यायालयात सुनावणी न होता, न्यायमूर्तींच्या दालनातच निकालात निघाल्या. मूळ पाचांपैकी चार जण तोवर निवृत्त झाले होते. तेव्हाही कुणी हूं की चूं केलं नाही.

राहिली ती समिती. मे 2023 मध्ये, सुनावणी चालू असतानाच, सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी न्यायालयाला सांगितलं होतं की लग्नाचा विषय बाजूला ठेवा, या लोकांच्या व्यावहारिक अडचणी बघायला कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमू. निकालात बहुमतानं त्या आश्वासनाची नोंद घेतली. समिती प्रत्यक्ष नेमायला एप्रिल 2024 उजाडला. मग त्या वर्षीच्या पावसाळ्यात फळं यायला लागली, ती मोजून बघू.

पहिलं फळ : समलिंगी जोडप्यांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला मनाई नाही, असं अर्थ मंत्रालयानं कळवलं. मनाई होती कधी? संयुक्त खातं दोन मित्रांना उघडता येतं, दोन भागीदारांना येतं, दोन शेजाऱ्यांनाही येतं. जे आधीच होतं तेच चांदीच्या ताटात ठेवून आणलं. दुसरं फळ : रेशनकार्डावर जोडीदाराला एकाच कुटुंबातला धरावं. हे बरं आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. फक्त घटनापीठासमोरच्या दहा दिवसांच्या सुनावणीतून निघून आपण शिधावाटप दुकानापर्यंत पोहोचलो, एवढी नोंद करते. तिसरं फळ मात्र नीट वाचण्यासारखं आहे. आरोग्य मंत्रालयानं राज्यांना लिहिलं की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर! वीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, त्याच्या प्रेतावरचा हक्कसुद्धा परभणीहून भाऊ येऊन पोहोचला नाही तरच. याला ते तरतूद म्हणतात.

मी वकील आहे. इच्छापत्रं, बक्षीसपत्रं, कुलमुखत्यारपत्रं हे माझं रोजचं काम, आणि गेली काही वर्षं अशी जोडपी माझ्याकडे येतात. 'शहरी उच्चभ्रूंचं खूळ' असं सरकारनं न्यायालयात म्हटलं होतं, म्हणून सांगते की माझ्याकडे येणाऱ्यांत जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिका आहेत, एसटीतला वाहक आहे, बार्शीहून पुण्याला आलेला एक वेल्डर आहे. 1987 साली मध्य प्रदेशच्या सशस्त्र पोलीस दलातल्या दोन महिला शिपायांनी एकमेकींशी लग्न केलं आणि दोघींची नोकरी गेली, त्याही काही मलबार हिलवर राहत नव्हत्या.

ही जोडपी आली की मी त्यांना एक फाईल तयार करून देते. तीत इच्छापत्र असतं, कुलमुखत्यारपत्र असतं, नॉमिनेशनच्या पावत्या असतात, आजारपणात कुणाला विचारावं याचं निवेदन असतं. फाईल जाडजूड होते आणि दोघांना हायसं वाटतं. मग मी त्यांना ती फाईल कुठे कुठे फाटते ते सांगते, कारण फी घेतली आहे तर खरं बोललं पाहिजे.

कुलमुखत्यारपत्र घ्या. 'तो बेशुद्ध पडला तर मी सही करेन' यासाठी लोक ते करतात. पण भारतीय करार कायद्याच्या कलम 201 नुसार, लिहून देणाऱ्याची मती गेली की मुखत्यारपत्राचाही प्राण जातो. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी कागद मरतो. मग कोमातल्या माणसाचा पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात याचिका करायची, आणि तिथे आधी रक्ताचे नातेवाईक उभे असतात. मूत्रपिंड द्यायचं आहे? अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात 'जवळच्या नातेवाइकां'च्या यादीत नवरा-बायको आहेत, आईबाप, मुलं, भावंडं, आजी-आजोबा आहेत. हा जोडीदार कुठेच नाही. त्याला प्राधिकार समितीपुढे जाऊन आपण आपुलकीपोटी देतो आहोत, पैशांपोटी नाही, हे पटवून द्यावं लागतं. नॉमिनेशन? डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं साळगावकर खटल्यात पुन्हा एकदा स्पष्ट केलं की शेअर्सचा नॉमिनी हा मालक होत नाही, तो वारसांसाठी सांभाळणारा असतो. आणि वारस कोण, ते वारसा कायदा ठरवणार. त्या कायद्यात भाचा आहे, चुलतभाऊ आहे, चुलतभावाचा मुलगासुद्धा शोधून काढता येतो. ज्यानं रात्ररात्र औषधं दिली तो सापडत नाही.

मागे अशाच दोघी आल्या होत्या. एकीच्या नावावर फ्लॅट. हप्ते दोघींनी फेडले, पण कर्ज काढताना बँकेनं 'मैत्रीण' सहकर्जदार म्हणून घेतली नाही, म्हणून खरेदीखत एकीच्याच नावावर झालं. आता तिला अर्धा हिस्सा दुसरीला द्यायचा होता. आम्ही नोंदणीच्या कार्यालयात चौकशीला गेलो. खिडकीमागचा माणूस वाईट नव्हता, उलट मदत करायला उत्सुक होता.

"देणार आणि घेणार यांचं नातं काय मॅडम?"

"मैत्रिणी आहेत."

"मग फुल ड्युटी." त्यानं कॅल्क्युलेटर जवळ ओढला. "सख्ख्या बहिणी असत्या तर तीन टक्क्यांत बसलं असतं. आणि ह्या मिस्टर असते, तर दोनशे रुपये."

दोनशे रुपये. महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यात राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. त्या दोघींच्या बाबतीत अर्ध्या हिश्श्याचं मूल्य पन्नास लाखांच्या आसपास होतं, म्हणजे शुल्क तीन लाखांच्या घरात. ते भरलं असतं तरी पुढे आयकर दारात उभा होताच. परक्याकडून पन्नास हजारांहून जास्त किमतीची भेट मिळाली तर ती घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात. नवरा-बायकोनं दिली तर धरत नाहीत. (मुंबई उच्च न्यायालयात 2025 साली एका जोडप्यानं या भेदालाच आव्हान दिलं आहे आणि न्यायालयानं सरकारला नोटीस काढली आहे.) म्हणजे शाळेतल्या शिक्षिकेनं स्वतःच हप्ते फेडलेल्या अर्ध्या घरावर पन्नास लाखांचा धनलाभ झाल्यासारखा कर भरायचा. त्यांनी हिशेब ऐकला, एकमेकींकडे बघितलं आणि बक्षीसपत्राचा बेत सोडून दिला. शेवटी इच्छापत्र केलं, ते उद्या भाऊ कोर्टात ओढू शकेल हे माहीत असून.

सभ्य माणसानं सांगावं, यात कुणी कुठे लग्न हा शब्द मागितला होता? कुणी सप्तपदी मागितली होती? मागितलं ते दोनशे रुपयांत बसणारं नातं. तेही दिलं गेलं नाही.

सरकारला नोंदणीचाच कंटाळा आहे म्हणावं, तर तसंही नाही. जानेवारी 2025 पासून उत्तराखंडात समान नागरी कायदा लागू झाला. त्यात लग्नाविना एकत्र राहणाऱ्या स्त्री-पुरुषांनी सरकारदरबारी नोंद करणं सक्तीचं आहे. महिन्याभरात नोंद केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्यांना नोंद नको आहे त्यांच्या मागे पोलीस लावायचे. जे नोंद करून घ्या म्हणून दारात उभे आहेत त्यांना हाकलायचं. कारण त्या कायद्यात सहजीवन म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री. यंत्रणा तयार आहे, अर्जाचा नमुना तयार आहे, शिक्का तयार आहे. मधला मार्ग अवघड आहे, देशाची तयारी नाही, ही रडगाणी यापुढे माझ्यापाशी कुणी गाऊ नयेत.

संसदेनं ठरवावं, असं न्यायालय म्हणालं. तत्त्व म्हणून मला ते पटतं. पण संसदेचं खातं उघडून बघा. एप्रिल 2022 मध्ये बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करून समलिंगी विवाहांना मान्यता देणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. धाडसाबद्दल त्यांना श्रेय दिलंच पाहिजे. पण 1970 नंतर या देशात एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, आणि ती लोकसभा विसर्जित झाली तेव्हा हेही गेलं. त्याच वर्षी डिसेंबरात राज्यसभेत सुशील मोदी म्हणाले होते की दोन न्यायाधीशांनी बसून असा विषय ठरवू नये. बरोबर आहे. मग साडेपाचशे खासदारांनी बसून ठरवा की! त्यांना चर्चाही नको असते. न्यायालयात गेलात तर संसदेत जा, संसदेत गेलात तर समाजात जा, समाजात गेलात तर घरात बंद दारामागे करा काय करायचं ते.

बार कौन्सिल ऑफ इंडियानं तर कमाल केली. आमच्या व्यवसायाची ही शिखर संस्था. खटला चालू असतानाच एप्रिल 2023 मध्ये तिनं ठराव केला की देशातल्या 99.9 टक्क्यांहून अधिक लोकांचा याला विरोध आहे. कुणी मोजलं? कधी मोजलं? पुराव्याचा कायदा शिकून सनद घेतलेल्यांची ही संस्था! त्याच वर्षी प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेनं प्रसिद्ध केलेल्या पाहणीत भारतातल्या 53 टक्के प्रौढांनी समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यतेच्या बाजूनं कौल दिला. पाहणीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही, आणि हक्क काही टक्केवारीवर वाटायचे नसतात. पण 99.9 टक्क्यांचा दावा आणि ही पाहणी यांच्यात जे अंतर आहे, ते आमच्या शिखर संस्थेच्या लाजेचं माप समजा. एक गंमत मात्र मान्य केली पाहिजे. अयोध्येपासून हिजाबापर्यंत ज्यांचं कशावरही जमत नाही, ते जमियत आणि संघ परिवार या एका मुद्द्यावर एका बाकावर येऊन बसले. सर्वधर्मसमभाव शेवटी सापडला तो इथे.

आता आपल्या राज्याचं. सुनावणीच्या वेळी केंद्रानं सगळ्या राज्यांची मतं मागवली होती. सात राज्यांनी उत्तर दिलं. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी विरोध नोंदवला. (राजस्थानात तेव्हा काँग्रेसचं सरकार होतं, पुरोगाम्यांनी हसू नये.) उत्तर प्रदेश, मणिपूर, सिक्कीम आणि महाराष्ट्र यांनी आणखी वेळ मागितला. महाराष्ट्रानं! भाषणाची सुरुवात ज्या तीन नावांशिवाय इथल्या कुठल्याच पुढाऱ्याला करता येत नाही, त्या फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्राला विचार करायला वेळ पाहिजे होता.

फुल्यांनी वेळ मागितला नव्हता. 1873 मध्ये सत्यशोधक पद्धतीनं भटजीविना लग्नं लागू लागली तेव्हा ती खरी लग्नंच नव्हेत, अशी ओरड झाली आणि जोशीबुवांनी दक्षिणेसाठी कोर्टकज्जे केले. शाहू महाराजांनी वेळ मागितला नव्हता. विठ्ठलभाई पटेलांचं आंतरजातीय विवाहाचं विधेयक 1918 मध्ये दिल्लीत अडकलं, तर महाराजांनी कोल्हापुरात आपला कायदा करून टाकला. वेळ मागणारे दुसरे होते. रखमाबाईंना नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा असा हुकूम झाला तेव्हा, आणि 1891 मध्ये संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा करायची होती तेव्हाही, पुण्यातून हाच सूर निघाला होता : सुधारणा आतून झाली पाहिजे, समाज तयार झाला पाहिजे, कायद्यानं लादू नका. दहावरून बारा! तेवढ्यालाही समाज तयार नव्हता. टिळकांचं मोठेपण मला मान्य आहे, पण या बाबतीत ते चुकले होते आणि आज कुणीही मराठी माणूस दहाव्या वर्षाच्या बाजूनं उभा राहणार नाही.

आणि 'लग्न नको, वेगळी व्यवस्था करा' हा प्रयोगसुद्धा या देशात होऊन गेलेला आहे. ब्राह्मो समाजाच्या मागणीवरून 1872 मध्ये इंग्रज सरकारनं नागरी विवाहाचा कायदा केला. त्यात अट अशी की वधू-वरांनी लिहून द्यायचं : मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी, बौद्ध, शीख, जैन कुणीच नाही. जातीबाहेर लग्न करायचंय ना? मग आधी धर्म सोडा आणि या वेगळ्या दारानं आत या. हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपसात तरी या प्रतिज्ञेतून सुटका मिळायला 1923 उजाडावं लागलं आणि सगळ्यांसाठी दार मोकळं व्हायला 1954. दक्षिणेत पेरियारांच्या स्वाभिमान विवाहांचं तेच झालं. हजारो जोडप्यांनी पुरोहित न बोलावता माळा घालून लग्नं केली, आणि 1953 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं अशा लग्नाला कायद्यात किंमत नाही असं ठरवलं. 1967 मध्ये अण्णादुराई मुख्यमंत्री झाले आणि हिंदू विवाह कायद्यात मद्रासपुरतं कलम 7-अ घातलं गेलं. आधी झालेली लग्नंसुद्धा त्यानं वैध केली. तोवर समाज तयार झाला होता का? माहीत नाही. सरकार तयार झालं होतं.

याहून जवळचं उदाहरण हवं असेल तर र. धों. कर्वे आहेत. 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यात समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांनाही, त्यांनी सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि 1934 मध्ये त्यांचे वकील होते बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले. आपण आता कर्व्यांवरच्या नाटकाला जातो, दाद देतो, बाहेर येऊन वडापाव खातो, आणि घरी येऊन सुनेच्या भावानं 'त्या मित्राला' साखरपुड्याला आणू नये असा निरोप धाडतो.

आता वेगळ्या दिशेनं येणाऱ्या बाणाकडे वळते, कारण तो माझ्याच मैत्रिणी सोडतात. त्या म्हणतात, विवाहसंस्थाच मुळात पुरुषप्रधान, जातीची राखण करणारी. तुम्ही लोक तिच्यात घुसायला कशाला धडपडता? मोडून टाका. ऐकायला छान आहे. फक्त हे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेक जणी मंगळसूत्र घालत नसल्या तरी नवऱ्याच्या ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये आहेत, फ्लॅट दोघांच्या नावावर आहे आणि नवरा गेल्यावर फॅमिली पेन्शनचा अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा ते त्यांना माहीत आहे. आत बसून खिडकीतून 'गाडी वाईट आहे, चढू नका' सांगणं सोपं असतं. मोडायचीच असेल विवाहसंस्था तर आतल्यांनी आधी खाली उतरावं.

पण त्यांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे. लग्नाखेरीज दुसरा करार हवाच, आणि तो सगळ्यांना हवा. फ्रान्सनं 1999 मध्ये असा करार आणला. समलिंगी जोडप्यांसाठी म्हणून मोहीम झाली, पण आज तो करणाऱ्यांत स्त्री-पुरुष जोडप्यांचीच गर्दी आहे. आपल्याकडे साठी उलटलेले विधुर आणि विधवा एकत्र राहायला लागतात, पण निवृत्तिवेतन जाईल, मुलं इस्टेटीवरून भांडतील म्हणून पुन्हा लग्न करत नाहीत. त्यांनाही अशा कागदाची गरज आहे. तेव्हा करार जरूर आणा. लग्नाच्या जोडीला आणा, सर्वांना मोकळा ठेवा. 'लग्न तुमचं नाही, हे घ्या' म्हणून पुढे केलेला करार कसा वागवला जातो, ते अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यानं शिकवलं आहे. तिथे विवाहाच्या बरोबरीचा म्हणून नागरी संयोग दिला, आणि 2008 मध्ये राज्यानंच नेमलेल्या आयोगानं अहवाल दिला की रुग्णालयात, नोकरीच्या जागी, विमा कंपनीत त्याला कुणी विवाहासारखं वागवतच नाही. डेन्मार्कनं 1989 मध्ये जगात पहिल्यांदा भागीदारीची नोंद सुरू केली आणि 2012 मध्ये तीवर पडदा टाकून लग्न दिलं. ब्रिटननं 2005 मध्ये भागीदारी आणि 2014 मध्ये लग्न. आयर्लंडनं 2011 मध्ये भागीदारी दिली आणि 2015 मध्ये जनमत घेऊन 62 टक्क्यांनी लग्न.

आयर्लंड म्हटल्यावर आपल्याला एक आडनाव आठवायला हवं. 2017 मध्ये लिओ वराडकर तिथले पंतप्रधान झाले तेव्हा मालवण तालुक्यातल्या वराड गावानं आनंद साजरा केला. 'मराठमोळा पंतप्रधान' असे मथळे झळकले. 2019 च्या अखेरीस ते वडिलांच्या गावी आले तेव्हा पुन्हा झळकले. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी जनमताच्या चार महिने आधी रेडिओवर जाहीर सांगितलं होतं. आपल्या मथळ्यांनी तेवढं बाजूला सारलं, जावयाचा दारूचा नाद लपवावा तसं. डब्लिनमधल्या वराडकरांना जे करता येतं ते वराडमधल्या वराडकरांना करता येत नाही, हे लिहायला कुणाची शाई संपली होती?

वराडहून जरा खाली उतरलं की गोवा. समान नागरी कायद्याचे भक्त उठताबसता गोव्याचं उदाहरण देतात : बघा, सगळ्या धर्मांना एक कायदा. तो कायदा 1867 च्या पोर्तुगीज संहितेचा आणि 1910 च्या विवाहविषयक फर्मानांचा. ज्या पोर्तुगालनं तो दिला, त्यानं 2010 मध्ये समलिंगी विवाह कायदेशीर केला. गोव्यात मात्र जुनाच चालू आहे. पोर्तुगीज पासपोर्ट काढलेला म्हापशाचा मुलगा लिस्बनमध्ये नवऱ्याशी रीतसर लग्न करू शकतो आणि म्हापशाला उतरला की पुन्हा अविवाहित होतो. गोमंतकाची समानता पोर्तुगालहून आली. तिची पुढची आवृत्ती कुणी मागवली नाही.

सभ्य माणूस म्हणेल, हे सगळं केंद्राचं, आपण राज्यात काय करणार? पुष्कळ. विवाह हा समवर्ती सूचीतला विषय आहे. मद्रासनं केलं ते मुंबईला करता येतं. तेवढी छाती नसेल तर मुद्रांक शुल्क आहेच, तो सर्वस्वी राज्याच्या हातचा विषय. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम 9 खाली शासनाला राजपत्रात अधिसूचना काढून शुल्क कमी करता येतं, माफही करता येतं. दिल्लीला विचारावं लागत नाही, विधिमंडळात गोंधळ होत नाही, राष्ट्रपतींची सही लागत नाही. 'दोन प्रौढ व्यक्तींनी आपण सहजीवन जगत असल्याचं नोंदणीकृत प्रतिज्ञापत्र दिलं असल्यास, एकानं दुसऱ्यास दिलेल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्रावर शुल्क 200 रुपये.' त्यात लग्न हा शब्द नाही, समलिंगी हा शब्दही नाही, तुमच्या संस्कृतीच्या केसाला धक्का नाही. राज्य सरकारला वेळ हवा होता, तो 2023 पासून मिळालाच आहे.

तर 'हक्क द्या पण' म्हणणाऱ्या समस्त सभ्य मंडळींनी महसूलमंत्र्यांच्या नावे एक निवेदन घेऊन मंत्रालयात यावं. नावं, पत्ते आणि सह्या त्यांच्या. अधिसूचनेचा मसुदा मी करून देते, फी घेणार नाही.